पुढच्या ड्रेसिंगला

डॉक्टर वासदेव यांच्याबरोबर मी बरीच वर्षं काम केलं, पण एका साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर मला त्यांच्याकडून कधी मिळालं नाही. लाळग्रंथीच्या ऑपरेशनआधी पेशंटला अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं की नाही, एवढाच तो प्रश्न. जखमेत पू होऊ नये म्हणून द्यायचं असेल, तर ते चिरा देण्याआधी, भूल देतानाच द्यावं लागतं. म्हणजे देणारी मी. माझ्या हातात भरलेली सिरिंज, आणि समोर हे गृहस्थ पेशंटच्या गालावर तळहात ठेवून छताकडे बघत उभे.

"सर, देऊ का?"

"थांबा मॅडम, विचार करतो."

मग कधी "द्या" म्हणत, कधी "नको". का द्या आणि का नको, हे विचारलं तर म्हणत, "माझं पण कन्फ्युजन आहे."

मी भूलतज्ज्ञ. राहते बदलापूरला, आणि बॅग घेऊन बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर असं जिथून बोलावणं येईल तिथल्या नर्सिंग होममध्ये जाते. माझ्या कामात मोघमपणा चालत नाही. पेशंटचं वजन किती, औषध किती, सगळं ठरलेलं. घरीसुद्धा माझ्या डब्यांवर नावं चिकटवलेली असतात, आणि नवरा साखरेच्या डब्यात रवा भरून माझी परीक्षा बघतो. अशा बाईच्या वाट्याला हा असा सर्जन यावा, याला काय म्हणायचं?

उल्हासनगरात एका तयार कपड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं छोटंसं नर्सिंग होम होतं. सर सिंधी, पण मराठी पेशंटशी हट्टाने मराठीच बोलत. त्यांच्या मराठीत लिंग-वचनाची जत्रा असे, तरी समजायला कधी अडचण आली नाही; इथे मी ती सुधारून लिहितेय. अंगाने किरकोळ, आवाज मऊ, आणि कान मात्र चांगले ऐसपैस. हे कान अधूनमधून लालबुंद होत. ओपीडीतला पंखा धड चालत नसे, म्हणून मी त्याचा दोष कायम उकाड्याला दिला.

त्यांच्या कोटाच्या खिशात नेहमी एक लिंबू असायचं. जबड्याखाली सूज घेऊन कोणी आलं की सर ते लिंबू कापून चोखायला देत आणि बोटाने ग्रंथी दाबून बघत. आत खडा अडकलेला असला की लाळ सुटते, बाहेर पडत नाही आणि ग्रंथी डोळ्यांदेखत फुगते. तपासणी एकदम बरोबर, पण बाहेरच्या बाकावर भलताच समज होता. जांभूळ गावच्या एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, डाक्टर देवाचं पण बघतान काय? लिंबू उतरवतान म्हने." मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे ना. त्या विश्वासाने तरी येतात." दुसऱ्या दिवशी लिंबू टेबलावर होतंच, वर बाकावरच्या कोणीतरी त्याला कुंकू लावून ठेवलेलं.

दुसरी सवय म्हणजे अवघड प्रश्न पुढे ढकलण्याची. कानापुढच्या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. ती थोडी जरी दुखावली तरी तोंड काही दिवस एका बाजूला ओढलेलं राहतं. बाया हमखास विचारत, "तोंड वाकडं राहणार नाही ना?" सर म्हणत, "पुढच्या ड्रेसिंगला सांगतो." पुढच्या ड्रेसिंगला तोंड बहुतेक वेळा सरळ झालेलं असायचं आणि प्रश्नच उरायचा नाही. गाठीचा रिपोर्ट कधी येणार, कामावर कधी जायचं, मुलीच्या लग्नात गजरा घातला तर चालेल का, सगळ्याला हेच उत्तर. मी त्यांना एकदा विचारलं, "सर, इंजेक्शनचं काय ते एकदाचं ठरवा ना." त्यावरही तेच म्हणाले.

मी आपली त्यांचा नियम शोधत राहिले. तोंडातून चिरा असला, किंवा खड्यामुळे ग्रंथी आतून नासलेली असली, तर ते न चुकता "द्या" म्हणत. ते पुस्तकातही होतं. घोळ होता तो कानापुढच्या साध्या, स्वच्छ गाठींचा. तिथे पुस्तक म्हणतं गरज नाही, आणि आमच्याकडचे झाडून सगळे सर्जन देतात. वर घरी जाताना कॅप्सूलचा कोर्सही देतात, कारण कोर्स दिला नाही तर नातेवाइकांना ऑपरेशन झाल्यासारखंच वाटत नाही. पावसाळ्यात मांजर्लीच्या एका बाईंना सर "द्या" म्हणाले तेव्हा मला वाटलं, सापडलं! ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरतं त्यांना द्यायचं. पुढच्याच आठवड्यात त्याच गल्लीतला, त्याच पुरातून बाहेर आलेला माणूस टेबलावर होता. सर म्हणाले, "नको." मी सिरिंज ट्रेमध्ये आपटली.

मग सुजाताबाईंचं झालं. या चामटोलीच्या शाळेत शिक्षिका. कानापुढे सुपारीएवढी गाठ. ऑपरेशन सुरेख झालं. इंजेक्शनला सर "नको" म्हणाले होते, कॅप्सूलही दिल्या नव्हत्या. काही दिवसांनी त्यांचा गाल सुजला, लाल झाला आणि टाक्यांतून पू यायला लागला. मग औषधं सुरू झाली. त्यांना प्रवास झेपेना, म्हणून सर स्वतः ड्रेसिंगला चामटोलीला जाऊ लागले. रस्ता दाखवायला पहिल्यांदा मी बरोबर गेले होते.

ओटीवर सुजाताबाईंचे वडील बसलेले. सरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, हात पुसले. तेव्हा ते म्हणाले, "डाक्टर, सगल्यांना गोल्या देतान. माज्या पोरीलाच का नाय दिल्याव?"

मी सरांकडे बघितलं. एखाद्याने शरीराची प्रकृती, नशीब, धूळ, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. सर म्हणाले, "दादा, मला वाटलं गरज नाही. दिल्या असत्या तर हे झालं नसतं का, ते मला माहीत नाही. चुकलं असेल माझं."

भांडायला आलेल्या माणसासमोर कोणी खुर्चीच मांडावी, तसं वडिलांचं झालं असावं. त्यांनी आतून चहा मागवला.

सुजाताबाई बऱ्या झाल्या. गालावर एक आडवा व्रण राहिला. पण ती जखम भरेपर्यंत सर जेवत नव्हते, हे मला मोहिनीभाभींकडून कळलं. मोहिनीभाभी म्हणजे सरांच्या पत्नी. जिन्याजवळच्या काउंटरवर बसून केस पेपर, डिस्चार्ज, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस ही खाती त्यांच्याकडे होती. "ताट ठेवते, तर बसतात आणि भाताकडे बघत राहतात," त्या म्हणाल्या. "मॅडम, एक गोळी देऊन टाकली असती तर काय बिघडलं असतं?"

मला वाटलं, आता सर सगळ्यांना इंजेक्शन देणार. सरांनी नेमकं उलटं केलं. म्हणाले, "मॅडम, आतापर्यंत मी मनाला येईल तसं करत होतो. त्यातून काय शिकणार? आता स्वच्छ गाठ असेल तर कोणालाच नाही. इंजेक्शन नाही, कॅप्सूल नाही. आणि प्रत्येकाचा गाल मी स्वतः बघणार. शेवटी काय ते समजेल."

मला केवढा आनंद झाला! नियम आला एकदाचा. सर प्रत्येक पेशंटच्या गालाचे फोटो काढू लागले. टाके काढल्यावर, नंतर पुन्हा, आणि मग पुन्हा. गाल बरे होत गेले. पू नाही, लाली नाही. सरांच्या चालण्यातसुद्धा फरक पडला. टाके काढताना ते हलकेच शीळ घालू लागले. मला फोनवर गाल दाखवत आणि म्हणत, "बघा, बघा, काय सुंदर!" त्या गालाच्या मालकाच्या तोंडात गुटख्याने एकही धड दात ठेवलेला नसायचा, पण सरांना व्रणाशिवाय काही दिसतच नव्हतं.

असे गाल बरेच साठल्यावर आमच्या तिन्ही गावांतल्या डॉक्टरांच्या सभेत त्यांचं भाषण ठरलं. अंबरनाथला, रविवारी. भाषणाला घाबरणारा हा माणूस महिनाभर तयारी करत होता. "लोक ऐकतील, मॅडम. किती औषध आपण फुकट खायला घालतो. एक दिवस खरंच लागेल तेव्हा ते चालणार नाही." इतकं ठामपणे बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्यांच्यासाठी आयुष्यभराचं सगळं त्या भाषणात होतं, आणि चामटोलीचं ओझंही त्यानेच उतरणार होतं.

शनिवारी मी ओपीडीत त्यांच्या शेजारी बसले होते. अंबरनाथच्या कारखान्यातला शहाजी ड्रेसिंगला आला. जखम बघून सर खूश झाले. शहाजी शर्टाचं बटण लावत म्हणाला, "सर, भाभींनी दिलेल्या कॅप्सूल संपल्या. अजून घेऊ का बस झाल्या?"

"कुठल्या कॅप्सूल?"

"त्या लाल-पिवळ्या. डिस्चार्जला दिल्या ना." त्याने खिशातून रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर सॅम्पल म्हणून शिक्का होता.

सरांनी ती पट्टी उलटसुलट केली. मग विचारलं, "तुलाच दिल्या?"

"नाय ओ सर, सगळ्यांनाच देतात की! माझ्या बाजूच्या बेडवाल्याला पण दिल्या. लय चांगल्या हायत आपल्या भाभी. बोलल्या, डॉक्टर कामाच्या गडबडीत विसरतात."

औषध कंपन्यांचे लोक जी सॅम्पलं ठेवून जात, ती काउंटरच्या खणात पडायची. चामटोलीनंतर भाभींनी एकाही पेशंटला त्या खणातलं काही दिल्याशिवाय जिना उतरू दिलेला नव्हता. सरांचे सगळे सुंदर गाल कॅप्सूल खाऊन बसले होते. कॅप्सूलमुळे बरे झाले, की नसत्या तरी झालेच असते, हे आता देवालाच ठाऊक.

मला वाटलं सर उठतील आणि बाहेर जाऊन भाभींवर ओरडतील. ते उठले, शहाजीला म्हणाले, "बस झाल्या. आता नको," आणि बेसिनवर हात धुऊ लागले. बराच वेळ धुतले. मग मला म्हणाले, "तिला काय बोलणार, मॅडम? मी जेवत नव्हतो ते तिनेच बघितलं ना." मला सरांची दया आली, भाभींची आली, आणि दोघांचा रागही आला. कुणाची बाजू घ्यावी हेच कळेना.

रविवारी मी अंबरनाथला मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. सर उभे राहिले. पडद्यावर पहिला गाल आला. सर त्याच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मित्रांनो, मी पुष्कळ फोटो आणलेत. सगळे गाल चांगले आहेत. पण ह्यांनी घरी काय खाल्लं ते मला माहीत नाही. मला वाटलं होतं माहीत आहे. म्हणून मी काही सांगू शकत नाही. जेवण तयार आहे." आणि खाली बसले. कोणीतरी हसलं. एका तरुण डॉक्टरने टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

भाषणात काय झालं ते भाभींपर्यंत पोचलंच. सर घरी अवाक्षर बोलले नाहीत. खणाला कुलूप लावलं नाही, सॅम्पलं फेकली नाहीत. भाभीच एक दिवस मला म्हणाल्या, "रागावले असते तर बरं झालं असतं. हे तर माझ्यासाठी जिलेबी घेऊन आले. सांगा, आता मी काय करायचं?" त्या रडत होत्या आणि मला जिलेबी वाढत होत्या.

त्यानंतर सर पुन्हा पहिल्यासारखे छताकडे बघू लागले. कधी "द्या", कधी "नको". मी नियम शोधणं सोडून दिलं होतं.

आणि मग भाभींच्याच कानापुढे गाठ आली. शेंगदाण्याएवढी. सुईची तपासणी झाली, गाठ साधी निघाली, पण काढायला हवी होती. बायकोच्या चेहऱ्यावर चाकू चालवायला सरांचा हात धजेना. त्यांच्या हाताखाली शिकलेला शिरीष डोंबिवलीहून आला.

त्या सकाळी भाभींनी माझा हात घट्ट धरला. "मॅडम, मला ती सुई देऊ नका. नंतर कॅप्सूल पण नको. मी त्यांच्या सगळ्या केस खराब केल्या. माझी एक तरी खरी होऊ दे."

मी बाहेर येऊन सरांना ते शब्द जसेच्या तसे सांगितले. भाभींना मी भूल दिली. सर डोक्याशी उभे, त्यांचा तळहात नेहमीसारखा पेशंटच्या, म्हणजे भाभींच्या गालावर. शिरीषने विचारलं, "सर, अँटिबायोटिक? स्वच्छ गाठ आहे, नको ना?"

"द्या," सर म्हणाले.

"सर, भाभी नाही म्हणाल्यात," मी म्हटलं.

"माहीत आहे. द्या मॅडम. मला जमणार नाही."

त्यांच्या तोंडावर मास्क होता, पण डोळे दिसत होते. चामटोलीच्या ओटीवर दिसले होते तेच डोळे. भाभींचा शब्द मोडणं मला पटत नव्हतं, आणि त्या माणसाला "नाही" म्हणणंही जमलं नाही. मी इंजेक्शन दिलं. बरोबर केलं की चूक, यावर मी नवऱ्याशी आजवर कितीदा वाद घातलाय, आणि दरवेळी बाजू बदललीय.

भाभी शुद्धीवर आल्या. ओठ एका बाजूला किंचित ओढलेले. पहिला प्रश्न सरांना, "दिली नाही ना?"

"नाही," सर म्हणाले.

भाभींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या वाकड्या ओठांनी हसल्या.

भाभींची जखम छान भरली, तोंडही सरळ झालं. खरी गंमत पुढेच आहे. काउंटरमागे बसलेल्या भाभी आता सरांच्या बाजूने बोलू लागल्या. कोणी गोळ्या मागितल्या की केस मागे करून गाल पुढे करत. "हे बघ. एक सुई नाही, एक कॅप्सूल नाही. दिसतं काही? जा घरी, वरण-भात खा." सॅम्पलचा खण त्यांनी रिकामा केला आणि त्यात टाचण्या आणि चहाची गाळणी ठेवली. आता घरी जाताना कोणाला खरोखरच काही मिळत नव्हतं. सरांना वर्षानुवर्षं हवं होतं ते होत होतं, आणि उभं होतं एका खोट्यावर. गाल बहुतेक बरे होत. फोटो काढणं मात्र सरांनी सोडलं होतं.

ती इमारत पुढे धोकादायक ठरली. खाली करायची नोटीस आली, आणि सरांनी दुसरीकडे जागा न बघता इंदूरला मुलीकडे जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी गेले, तेव्हा सर आपली हत्यारं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. बाहेर भाभी मांजर्लीच्या एका काकूंना गाल दाखवत होत्या. आवाज आतपर्यंत येत होता. "एक सुई नाही, एक कॅप्सूल नाही."

मी सरांना हळूच म्हटलं, "आता तरी त्यांना सांगा."

सरांनी एक चिमटा गुंडाळला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या ड्रेसिंगला."

"आता कुठलं ड्रेसिंग, सर?"

"म्हणूनच. तुम्ही पण सांगू नका हां. तिने माझ्यासाठी केलेली एकच केस आहे ती."

मी बरं म्हटलं. खाली जाताना भाभी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, एक गोष्ट सांगू? तुम्ही सुई दिली होती. मला माहीत आहे."

माझा पाय पायरीवरच राहिला. "कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? 'नाही' बोलले आणि कान लाल झाले. लग्न झाल्यापासून बघते. खोटं बोलले की कान लाल."

"मग तुम्ही लोकांना जे सांगता..."

"त्यांना पाहिजे होतं ना, लोकांनी फुकट गोळ्या खाऊ नये? मग मी सांगते. एवढं तर करू शकते. पण त्यांना बोलू नका. त्यांना वाटतं मला माहीत नाही. वाटू दे."

मी त्यांनाही बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

थोड्या वेळाने दोघं खाली आली. सामान आधीच गेलं होतं. दोघं रिक्षात बसली, भाभींच्या मांडीवर पिशवी, सरांच्या खिशात लिंबाचा फुगवटा. रिक्षा सुरू झाली तेव्हा सरांनी डावीकडून बाहेर डोकं काढून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याच क्षणी उजवीकडून भाभींनीही डोकं बाहेर काढलं, आणि सरांना दिसणार नाही अशा बेताने ओठांवर बोट ठेवलं.

मी दोघांनाही मान हलवून हो म्हटलं.